अंधेरीतले गाव

मंडळी, आपल्याकडे असे गाव विरळाच, की जिथले एखादे पोर मुंबईला नाही. आणि त्या पोराचा पत्ता विचारला, की पुष्कळदा उत्तर येते, "अंधेरी." नाव अंधेरी, पण रात्री बारा वाजतासुद्धा तिथे अंधार शोधून सापडायचा नाही. माझा भाचा तिथे मरोळला राहतो, म्हणून वर्षातून एक-दोन खेपा होतात. पहिल्या खेपेला मी स्टेशनाच्या जिन्यावर अडकलो तो गर्दीनेच मला खाली आणून सोडले, पाय हलवावे लागले नाहीत. त्या दिवशी कोणी म्हणाले असते, की इथे नांगर चालत होता, तर मी हसलो असतो.

पण चालत होता. मुंबई शहराच्या उत्तरेला साष्टी नावाचे मोठे बेट, त्यातला हा मुलूख. अंधेरी, आंबोली, मरोळ, चकाला, कोंदिविटे, सहार, वर्सोवा ही सगळी वेगवेगळी गावे होती. पावसाळ्यात भात, माळावर गवत. ते गवत गाड्या भरभरून मुंबईच्या घोड्यांना आणि गुरांना जायचे. सरकारदरबारी अंधेरी आजही तालुका आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी, बोरिवली असे तीन तालुके आहेत, आणि त्या तालुक्यांतली जुन्या गावांची नावे अजून तीच आहेत. फक्त गावाला शिवार नाही.

राज्ये बरीच आली आणि गेली. १५३४ साली पोर्तुगीज, १७३७ साली मराठे, १७७४ साली इंग्रज. शेतकरी मात्र तोच राहिला. देव बदलला तरी भाषा बदलली नाही. पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेली इथली घरे आजही घरात मराठीच बोलतात. बोली त्यांची वेगळी, आपल्याला ऐकायला गोड. या लोकांना 'ईस्ट इंडियन' म्हणतात. १८८७ साली त्यांनी स्वतःच हे नाव घेतले. नाव इंग्रजी म्हणून बिचकू नका, माणसे याच मातीतली.

आधी दोन जुन्या जागा सांगतो. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. टेकडी कसली, सरळ उभा काळा खडक, सुमारे दोनशे फूट उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हारसाचा तो थिजलेला खांब आहे. आपल्या शिवारातली काळी माती ज्या खडकाची झीज होऊन झाली, तो खडक आणि हा, दोन्ही त्याच ज्वालामुखीच्या काळातले. म्हणजे तुमच्या कपाशीचा आणि या टेकडीचा जुना भाऊबंदकीचा संबंध आहे म्हणा ना. भोवतीचा डोंगर खडीसाठी फोडून नेला, मधला खांब तेवढा उरला. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. पायऱ्या चढताना धाप लागते, पण वर वारा चांगला. खाली पाहिले तर चहूकडे इमारती.

दुसरी जागा पूर्वेला, कोंदिविट्याची लेणी. लोक महाकालीची लेणी म्हणतात. एकोणीस लेणी, बौद्ध भिक्षूंनी खोदलेली, त्यांतली जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. एका लेण्यात स्तूपाभोवती गोल भिंत कोरली आहे आणि तिला दगडाच्या जाळीच्या खिडक्या आहेत. भिक्षूंच्या कुडाच्या गोल झोपडीची ती दगडी नक्कल वाटते.

या कोंदिविट्याच्याच परिसरात १५७९ साली सेंट जॉन बाप्तिस्त यांचे चर्च बांधले होते. १८४० साली साथ आली, लोक जागा सोडून मरोळला जाऊन राहिले, चर्च ओसाड पडले. पुढे १९७३ साली तिथे 'सीप्झ' नावाची परदेशी निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत झाली, आणि ते पडके चर्च तिच्या कुंपणाच्या आत गेले. आता दारावर पहारा, आत जायला परवाना. वर्षातून एक दिवस गावकऱ्यांना प्रार्थनेसाठी आत सोडतात. आपल्याच पणजोबांच्या देवाला भेटायला फाटकावर नाव सांगायचे, हे मला फार चमत्कारिक वाटले.

जमिनी गेल्या त्या अशा. थोड्या विमानतळाला, थोड्या औद्योगिक वसाहतीला, थोड्या रस्त्यांना, बाकीच्या इमारतींना. १९५० साली अंधेरी मुंबई महापालिकेत आली, त्यानंतर वेग वाढला. मोबदल्याचा पैसा हाती येतो आणि कसा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेते गेली आणि राहिले ते गावठाण. घरे, विहीर, क्रूस, पार, अरुंद बोळ. मोठ्या रस्त्यावरून चालता चालता तुम्ही एका बोळात वळता आणि एकदम लाकडी व्हरांड्याचे, कौलारू घर दिसते. बाहेर म्हातारी बसलेली. दहा पावलांमागे मेट्रो धडधडत असते.

याच गावठाणांत मी एकदा ऑक्टोबरात गेलो होतो. महिन्याचा पहिला रविवार होता. भाचा म्हणाला, "मामा, चला, आगेरा बघू." आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमाराला नवे दाराला बांधतात, तेच हे. बायका लाल चौकटीचे लुगडे नेसून, दागिने घालून आल्या होत्या. बाजा वाजत होता. भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेल्या, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, मग एकेक लोंबी घरोघर वाटली. लोक ती घरातल्या क्रुसापाशी ठेवतात.

मी शेतकरी माणूस, माझी नजर लोंबीवर. दाणा भरलेला होता. शेजारच्या गृहस्थांना विचारले, "हे भात कुठले?" ते जरा थांबले. मग म्हणाले, की इथे कुठले भात, जिकडे अजून पिकते तिकडून आणतो. त्यांच्या आजोबांचे खाचर कुठे होते तेही त्यांनी हात करून दाखवले. तिथे काचेची सात मजली कचेरी होती. बोलण्यात रडगाणे नव्हते. पण पोरांना लोंबी हातात धरायला मिळावी म्हणून एवढी यातायात करतो, असे ते म्हणाले. मला मात्र घरी येईपर्यंत त्यांचा तो हात दिसत राहिला.

सण तेवढाच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत गावच्या विहिरीचे पाणी आणायची चाल आहे, तिला उंबराचे पाणी म्हणतात. घरोघर नळ असला तरी ते पाणी विहिरीचेच हवे. आणि आमच्या घरच्या मंडळींनी मुद्दाम लिहायला सांगितले म्हणून सांगतो, त्यांचा 'बाटली मसाला'. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, लाकडी उखळात कुटतात आणि बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बाटली मसाला. कुटणाऱ्या बायका दारोदार येतात. एक बाटली मी आणली होती. ती महिनाभरही पुरली नाही.

या गावठाणांचे आजचे दुखणे वेगळेच आहे. त्यांच्या हद्दी नीट मोजून नकाशावर घ्या, आम्हाला झोपडपट्टीत धरू नका, अशी त्यांची कितीतरी वर्षांची मागणी आहे. शहराच्या आधीपासून राहणाऱ्याने आपले गाव खरेच गाव आहे हे शाबीत करायचे! तुमच्या गावाजवळून हमरस्ता जात असेल किंवा कारखाने येणार असतील, तर गावठाणाचा नकाशा आणि घराची नोंद एकदा डोळ्याखाली घाला, एवढे मी अनुभवी लोकांचे ऐकून सांगतो.

नव्याने आलेल्यांनीही इथे गाव उभे केलेच. लालबागकडचे कारखान्यांतले कामगार इकडे राहायला आले आणि १९६६ साली त्यांनी आझाद नगरला सार्वजनिक गणपती बसवला. तोच 'अंधेरीचा राजा'. कारखान्यातला तंटा मिटावा म्हणून कामगारांनी नवस केला होता, तेव्हापासून त्याचे विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही, पुढच्या संकष्टीला होते. मिरवणूक वर्सोव्याच्या समुद्रापर्यंत रात्रभर चालते. कोळीवाडा तिथेच. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. आपल्या पोळ्याचीच आठवण यावी.

गाडीची एक गंमत सांगायची राहिली. १९२८ साली कुर्ल्याहून अंधेरीला रेल्वे सुरू झाली होती आणि १९३४ साली बंद पडली. पुढे ८० वर्षे पूर्व-पश्चिम जायचे तर बस किंवा रिक्षा. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली. तुम्ही जाल तेव्हा सकाळी अकरानंतर जा, नाहीतर माझ्यासारखे जिन्यावर अडकाल.

परवा भाच्याचा फोन आला होता. यंदा आगेऱ्याला नक्की या म्हणाला. आमच्याकडे मावळात हळवे भात तोवर कापणीला आलेले असते. "मामा," तो म्हणाला, "येताना पेंढीभर लोंब्या घेऊन या. इथल्या मंडळींनी सांगितलंय."