स्पॅनिशच्या न संपलेल्या भूतकाळास

प्रिय इम्पेर्फेक्तो,

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीची वही तपासत होते. विषय होता ‘माझे आजोबा’. तिने लिहिलं होतं, आजोबा रोज सकाळी झाडांना पाणी घालायचे. मात्र ‘घालायचे’साठी स्पॅनिशमध्ये तिने ‘रेगो’ हे दुसऱ्या, संपलेल्या भूतकाळाचं रूप लिहिलं होतं. मी त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी ‘रेगाबा’ लिहिलं. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, आजोबा आता नाहीत. मग हे संपलेलंच नाही का?”

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर तुझ्याबद्दल सविस्तर बोलावं लागतं, म्हणून हे पत्र.

आधी तुझी रूपं सांगते, कारण त्यांना फार वेळ लागत नाही. ‘कांतार’ म्हणजे गाणे. शेवटचं ‘आर’ काढायचं आणि ‘आबा’ जोडायचं: कांताबा, कांताबास, कांताबा, कांताबामोस, कांताबाइस, कांताबान. शेवटी ‘एर’ किंवा ‘ईर’ असलेल्या धातूंना ‘ईआ’ लागतो: कोमेरचं कोमीआ, बिबीरचं बिबीआ. तुला न जुमानणारे धातू सगळ्या भाषेत फक्त तीन: सेर, ईर आणि बेर. वर्तमानकाळात छळणारे बाकीचे सगळे तुझ्या दारात गुणी होतात. ‘रेगार’चंच बघ. वर्तमानात ते ‘रिएगो’ असं वाकतं, तुझ्याकडे आलं की सरळ ‘रेगाबा’. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप तू एकच ठेवतोस, त्यावर विद्यार्थी कुरकुरतात. मी त्यांना सांगते, आपलंही ‘मी करी’ आणि ‘तो करी’ एकसारखंच आहे, तिथे कधी अडलंय का?

अडतं ते वापरात. मी स्वतः तुला इंग्रजीच्या हाताला धरून शिकले. एकदा ‘करत होतो’सारखं इंग्रजी रूप, एकदा ‘करायचो’सारखं दुसरं, आणि कधी कुठलं घ्यायचं याचे तक्ते. दोन वर्षं मी ते तक्ते घोकले. माझ्या मातृभाषेत तुझी सख्खी भावंडं आहेत हे त्या वर्गात कोणी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आजोबा पाणी घालत होते, पाणी घालत असत, पाणी घालीत, पाणी घालायचे. आम्ही ज्याचे चार धागे केले ते तू एका ‘रेगाबा’त विणतोस. आमच्या व्याकरणात ‘रीतिभूतकाळ’ नावाचा स्वतंत्र काळ आहे. तो येई, ती बोले, आम्ही जात असू. आता तो बहुतेक पुस्तकांतच भेटतो. पण ‘यायचा’, ‘बोलायची’, ‘जायचो’ ही रूपं घराघरांत जिवंत आहेत. मराठी माणसाने तुझ्याकडे त्या वाटेने यावं.

दुकानातही तू भेटतोस. स्पॅनिश गिऱ्हाईक ‘केरीआ’ म्हणतो, शब्दशः ‘मला हवं होतं’. आपणही काउंटरवर तेच म्हणतो ना? “अर्धा किलो पोहे हवे होते.” हवे तर आत्ताच असतात, पण भूतकाळात बोललं की मागणीची धार जाते. वर्गात हे सांगितलं की चेहरे उजळतात, आणि मग ‘केरीआ’ कोणी विसरत नाही.

‘साबीआ’ आणि ‘सूपे’ यांतला फरकही मराठीतून कळतो. धातू एकच, जाणण्याचा. तुझ्या रूपात तो ‘मला माहीत होतं’ आणि त्या दुसऱ्या, संपलेल्या भूतकाळात ‘मला कळलं’. ‘कोनोसीआ’ म्हणजे ‘ओळखत होतो’, ‘कोनोसी’ म्हणजे ‘ओळख झाली’. मराठीत आपण त्यासाठी शब्दच बदलतो. स्पॅनिश नुसता काळ बदलते.

तुझ्या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. इम्पेर्फेक्तो म्हणजे अपूर्ण. ऐकणाऱ्याला वाटतं, तुझ्यात काहीतरी कमी आहे. १४९२ मध्ये आंतोनियो दे नेब्रिखाने स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं, त्यात तुला ‘न संपलेला भूतकाळ’ म्हटलं. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पुढे व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेयोने १८४७ मध्ये चिलीत आपलं व्याकरण प्रसिद्ध केलं आणि तुला ‘कोप्रेतेरितो’ म्हणजे सहभूतकाळ हे नाव दिलं. दुसरं काही घडलं तेव्हा जो चालू होता, तो. मेक्सिकोतल्या शाळांत अजून तेच नाव शिकवतात. आजोबा पाणी घालत होते आणि फोन वाजला. वाजणं दुसऱ्या भूतकाळात, ‘सोनो’. पाणी घालणं तुझ्यात, ‘रेगाबा’. फोनने त्यांना मधेच गाठलं. ते पाणी कधी सुरू झालं, कधी थांबलं, हे तू सांगत नाहीस. सर्व्हान्तेसनेही १६०५ मध्ये ‘डॉन किखोते’ कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात त्या सरदाराच्या राहण्यासाठी ‘बिबीआ’ वापरलं.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. तिने लिहिलेलं ‘रेगो’ अगदीच अशक्य नव्हतं. आजोबा एका सुट्टीपुरते कुठे राहिले आणि त्या महिन्यात रोज पाणी घातलं, असं सांगायचं असतं तर ते चाललं असतं. तिथे बोलणारा महिनाभराला बाहेरून कुंपण घालून बघतो. तू ते कुंपण घालत नाहीस. मी तिला म्हटलं, “आजोबा गेले हे खरं. पण या वाक्यात तू कुठे उभी आहेस? ते गेले त्या दिवसापाशी, की अंगणात?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अंगणात. माझ्याकडे छोटी झारी असायची.”

मी लाल पेन खाली ठेवलं. तिने ‘रेगो’ खोडून ‘रेगाबा’ लिहिलं, क्षणभर थांबून तेही खोडलं आणि ‘रेगाबामोस’ केलं, आम्ही पाणी घालायचो. ‘गा’वरची तिरकी रेघ मी सांगायच्या आत तिने दिली होती.

तुझी,
पुण्यातली एक स्पॅनिश शिक्षिका