सोलापुरांतलें एक दार

सोलापूर हें वेशींचें गांव. तुळजापूर वेस, विजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस हीं नांवें रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु त्या जागीं जाऊन पाहावें तों चौक, दुकानें आणि रहदारी. वस्ती वाढूं लागली तेव्हां १८७२ च्या सुमारास नगरपालिकेनें पूर्वेकडील तट सबंध आणि इतर बाजूंचा कांहीं भाग पाडून टाकिला. रात्रीं लागणारें दार आतां कोणत्याहि वेशीस नाहीं. नांवें तेवढीं राहिलीं. खरें जुनें दार पाहावयाचें असेल तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या भुईकोट किल्ल्याकडे जावें. असल्या किल्ल्यांच्या दारांवर लोखंडी सुळे ठोकीत, ते हत्तीनें मस्तकाची धडक देऊं नये म्हणून. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो याच्या फौजेनें हा किल्ला घेतला, तेव्हां हत्ती नव्हते, तोफा होत्या.

किल्ल्याच्या दाराचें काम एकच, शत्रूस बाहेर ठेवणें. घराच्या दाराचें काम याहून नाजूक आहे. त्यानें आल्यागेल्यास आंत घ्यावें, नको त्यास अडवावें, आणि ऊनपाऊस सोसून दिवसांतून पन्नास वेळां मुकाट्यानें उघडमीट करावी. अशा एका दाराची हकीकत मला सांगावयाची आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचें सासर सोलापुरांतील एका जुन्या पेठेंत आहे. घर माळवदी होतें. जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. तिघे भाऊ एकत्र नांदत. मुलें मोठीं झालीं, माळवद गळूं लागलें, आणि वाडा उतरवून नवें घर बांधण्याचें ठरलें. चुली निराळ्या होणार हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. त्याबद्दल तंटा नव्हता. तंटा निघाला तो दारावरून. मधल्या भावाचें म्हणणें, प्रत्येकाचें दार स्वतंत्र असावें आणि तें लोखंडी असावें. धाकट्याचें म्हणणें, जुनें दार विकून टाकावें. त्यावरील नक्षीला मोठ्या शहरांतील हॉटेलवाले चांगली किंमत देतात. बहिणीच्या सासूबाईंना सारें घर काकू म्हणतें. पंच्याऐंशीच्या पुढचें वय. त्या एवढेंच म्हणाल्या, "चुली तीन करा, पांच करा. रस्त्यावरचें दार एकच ठेवा. मी एका दारानें आंत आलें, बाहेर जाईन तीहि एकाच दारानें." यावर कोणास बोलतां येईना. मास्तर मनुष्य तंटे मिटवितो अशी एक समजूत आहे, म्हणून मला बोलावणें आलें. मी कांहींहि मिटविलें नाहीं. जें मिटलें तें एका सुतारानें मिटविलें.

हा सुतार साठीचा, अंगानें किरकोळ, मराठी बोलणारा पण मापें मनाशीं कानडींत मोजणारा. सोलापुरांत यांत नवल नाहीं. मराठी, कानडी, तेलुगु तेथें एकाच ओट्यावर बसतात. त्यानें जुन्या दारास चारी अंगांनीं बोटांनीं वाजवून पाहिलें. दार दोन पाखांचें, बिजागरी नसलेलें; कवाडाचेंच वरखालीं सोडलेलें गोल टोक दगडी उखळींत फिरे. वरच्या गणेशपट्टीवरील वेलबुट्टी शाबूत होती, पण चौकटीचे पाय वाळवीनें पोखरले होते. वाळवीनें नेमकें सालीलगतचें पांढरट लांकूड खाल्लें होतें, गाभ्यास तोंड लाविलें नव्हतें. सागाच्या गाभ्यांत जें तेल असतें तें तिला मानवत नाहीं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, हें दार आतां बाहेर टिकायचें नाहीं. गणेशपट्टी आंत लावा. बाहेरचें नवें करूं, पण लांकूड घरचेंच." आणि त्यांनीं उतरविलेल्या तुळयांकडे बोट दाखविलें.

या बोलण्यांतलें मर्म मला मागाहून कळलें. सोलापूर जिल्हा माळरानाचा. नान्नजच्या बाजूस माळढोकासाठीं राखलेला मुलूख पाहिला म्हणजे येथें गवत आणि झुडूप यांचें राज्य आहे हें ध्यानांत येतें. बाभूळ आणि कडुलिंब मिळेल, सागाची तुळई मिळणार नाहीं. १८६० साली रेल्वे येथवर आली, तिच्यापूर्वीं असलें लांकूड दूरच्या रानांतून बैलगाड्यांनींच यावयाचें. म्हणून जुन्या घरांतली प्रत्येक तुळई कोणीतरी लांबून, खर्चानें, विचार करून आणलेली असे. शिवाय शंभर वर्षें माळवदाखालीं राहिलेलें लांकूड जसें वाळतें, तसें वखारींतलें वाळत नाहीं. एक इंच जाडीस एक वर्ष असा वाळवणीचा जुना अदमास आहे. हल्लीं इतका धीर कोणास आहे? पण जुनें म्हणून लगेच वापरावें असेंहि नाहीं. मिस्त्रींनीं प्रथम लोहचुंबक फिरवून आंत मोडलेले खिळे शोधिले, कारण एक खिळा करवतीच्या दातांस पुरतो. मग तुळया चिरून फळ्या काढल्या, आणि मध्यें बारीक चिपा घालून त्या सहा आठवडे सावलींत रचून ठेविल्या. तुळईच्या पोटांतलें लांकूड प्रथमच वारा पाहतें. तें थोडें वांकतें, थोडें पिळतें. तें काय करतें तें आधीं पाहून मग रंधा लावावा. मधल्या भावास हा सहा आठवड्यांचा खोळंबा फार जाचला.

येथें सोलापूरच्या हवेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी होते. पाऊस बेताचा, आणि त्यांतला मोठा वांटा सप्टेंबरांत पडतो. तेव्हां तीच हवा ओलसर होते. लांकूड या दोहोंबरोबर हलतें. लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ हलत नाहीं. रुंदीच्या दिशेनें हलतें. साग या बाबतींत फार सोशिक, तरी ओल्याचा पूर्ण कोरडा होईपर्यंत तोहि रुंदींत शेंकडा पांचसहा आकसूं शकतो. वाळलेल्या फुटभर रुंद फळीचें वर्षाचें जाणेंयेणें सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरावें. सूतभर ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे असें आपणांस वाटतें. पण ती फळी चारी बाजूंनीं सरसानें आणि स्क्रूंनीं जखडून टाकली, तर त्या सूतभर जागेसाठीं ती स्वतःस फाडून घेते. त्याच गल्लींत एका नव्या घराचें चकचकीत दार मीं पाहिलें. पहिल्याच उन्हाळ्यांत त्यास वरपासून खालपर्यंत भेग गेली होती व तींतून आंतला दिवा दिसत होता.

मिस्त्रींनीं दार केलें तें सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद, दोन पाखांचें. मला वराहमिहिराची आठवण झाली. सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा अध्याय आहे, त्यांत दाराची रुंदी उंचीच्या निम्मी सांगितली आहे. मीं हें सांगितलें तेव्हां मिस्त्री म्हणाले, "पोथींत काय आहे ठाऊक नाहीं, माझ्या बापानें हेंच माप दिलें." त्याच अध्यायांत असेंहि म्हटलें आहे कीं, आपोआप उघडणारें दार घरांत उन्माद आणतें आणि आपोआप मिटणारें कुलनाश करितें. शाळेंत हें शिकवितांना मुलें हंसत, आणि मीहि त्यांस हंसूं देई. ओळंबा हातीं घेऊन उभा राहिलेला सुतार पाहिला म्हणजे या वचनाचा एक साधा अर्थ ध्यानांत येतो. दार आपोआप केव्हां फिरतें? बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यांत नसेल तेव्हां. चौकट केसभर कलली कीं कवाड उताराच्या बाजूस जातें. चौकट कलली म्हणजे भिंत कलली किंवा पाया खचला, आणि असल्या घरांत राहणाऱ्याचें कुल धोक्यांतच म्हणावें. शास्त्रकारानें फळ सांगितलें, कारण सुतारावर सोडलें. चौकट उभी करण्यांत एक सबंध दिवस गेला. मिस्त्री पुनःपुन्हां ओळंबा सोडीत, दोरी थरथरायची थांबेपर्यंत श्वास धरीत.

प्रत्येक पाखीची उभीआडवी चौकड दीड इंच जाड. सांधे कुसवांचे, आरपार, वर लांकडी मेखा मारलेले. मधल्या फळ्या मात्र चौकडीच्या खांचेंत नुसत्या बसविलेल्या, सरसाचा थेंब न लावतां. धाकट्या भावाचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. त्यानें फळी बोटानें हलवून पाहिली आणि म्हणाला, "मिस्त्रीकाका, ही तर सैल राहिली." मिस्त्रींनीं काम न थांबवितां उत्तर दिलें, "सैल नाहीं बाळ, मोकळी आहे. तिला पावसांत फुगायला जागा नको?" दार आणि चौकट यांमधली फटहि त्यांनीं ऋतु पाहून ठेविली. काम मार्चअखेरीस, हवा कोरडी होत चाललेली. म्हणून फट दीड सूत. हेंच दार सप्टेंबरांत बसविलें असतें तर त्यांनीं अर्धें सूतच ठेविलें असतें, कारण तेव्हां लांकूड आधींच फुगलेलें असतें. एकच फट बारा महिने बरोबर, असें मापच नाहीं.

रंगाच्या प्रश्नावर पुन्हां मतभेद झाले. पोरांस आरशासारखी चकाकी हवी होती. लाखेचें पॉलिश सुंदर दिसतें, परंतु तें आंतल्या कपाटाचें. पाऊस लागला कीं पांढरें पडतें. वॉर्निश पाण्यास टिकतें, पण पश्चिमेच्या उन्हांत त्याचा पापुद्रा तडकतो, तडकींतून पाणी आंत जातें, आणि मग सारें खरवडून पुन्हां आरंभ करावा लागतो. हें दार पश्चिमाभिमुख. शेवटीं जवसाचें उकळलेलें तेल ठरलें. माझें मतहि तेंच होतें. तें पापुद्रा धरीत नाहीं, लांकडांत मुरतें, हवेंतला प्राणवायु शोषून तेथेंच घट्ट होतें, आणि फिकें पडलें कीं वर आणखी एक हात देतां येतो. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, पुढचे तीन निखळ. प्रत्येक हातानंतर अर्ध्या घटकेनें न मुरलेलें तेल फडक्यानें पुसून काढावयाचें, नाहींतर तें चिकट राहून धूळ धरतें. दोन हातांमध्यें निदान एक दिवस.

यांत दोन गोष्टी गृहस्थांनीं विसरूं नयेत. एक, तेल आंतबाहेर सारखें द्यावें, आणि कवाडाच्या वरच्या व खालच्या कडेस तर आवर्जून द्यावें, कारण लांकडाच्या छेदांतून पाणी सर्वांत जलद शिरतें. दार बसविल्यावर ती खालची कड कोणास दिसत नाहीं, म्हणून कोणी देत नाहीं. दुसरी, तेलाचीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता निघते. चोळामोळा केलेल्या फडक्यांत ती कोंडते आणि कोणी काडी न लावतां आग लागूं शकते. मिस्त्रींनीं प्रत्येक फडकें पाण्यांत बुडवून अंगणांत दोरीवर एकेरी पसरलें. काकूंस तें वाळवण वाटलें व त्या पोरींवर रागावल्या.

उंबरा बाभळीचा घातला, बाहेरच्या अंगास किंचित् उतरता. वास्तुग्रंथांतून उंबऱ्यास उदुंबर म्हणतात, आणि देहली हा दुसरा शब्द; देहलीदीपन्याय आपण पूर्वीं शिकलों, उंबऱ्यावरचा दिवा आंत आणि बाहेर दोहोंकडे उजेड देतो. पहिल्या संध्याकाळीं काकूंनीं तेथें निरांजन ठेविलें, तेव्हां पोरांनीं तें लगेच उचलावयास लाविलें; दारास अजून तेलाचा वास येत होता.

पावसाळ्यांत मी परत आलों होतों. सप्टेंबरअखेर बहिणीचा दूरध्वनि आला. सलग पांच दिवस पाऊस झाला होता. दीड सुताची फट कागद जाण्यापुरती राहिली होती, दार थोडें जड झालें होतें, पण लागत होतें. मधल्या भावानें रंधेवाला बोलावला होता, त्यास मिस्त्रींनीं दारांतूनच परत पाठविलें. दिवाळीपर्यंत फट पुन्हां दिसूं लागली. मधल्या भावानें बोळाच्या बाजूनें स्वतःचें लोखंडी दार करून घेतलेंच. तें तो रात्रीं आंतून कुलूप लावून ठेवतो, आणि सकाळीं दूध घ्यावयास मात्र पुढच्या दारीं येतो.