वीस फुटांची सराई

स्कॉटलंडच्या दक्षिणेस, अ‍ॅनन नदीच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, मॉफॅट हे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव वसलेले असून, तेथील हाय स्ट्रीटवर, म्हणजे बाजारपेठेच्या ऐसपैस मुख्य रस्त्यावर, पोहोचलेल्या पाहुण्याची नजर ज्या इमारतीवर अडते ती 'स्टार हॉटेल' ही दर्शनी बाजूने अवघी 20 फूट रुंद, आणि मागे मात्र 162 फूट खोल आहे. जगातील सर्वांत अरुंद स्वतंत्र हॉटेल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. ज्या गावात रस्ताच एवढा रुंद आहे तेथे सराई इतकी चिंचोळी असावी, हा विरोधाभास गमतीचा खरा.

स्कॉटलंडच्या लहान गावात 'हॉटेल' म्हणजे केवळ मुक्कामाच्या खोल्या नव्हेत. तळमजल्यावरचे मद्यगृह ही गावाची चावडीच असते, त्यामुळे संध्याकाळी तेथे बसलेला परका माणूस आपोआप मेंढ्यांचे भाव आणि पावसाचे अंदाज यांच्या चर्चेत ओढला जातो. उलट ज्याला निवांतपणाच हवा असतो त्याला हाच गलबला, कुरकुरणारी लाकडी जमीन आणि अरुंद जिने खटकतात. सकाळच्या न्याहारीत हॅगिस, म्हणजे मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुस ओटच्या भरड्यात शिजवून केलेला पदार्थ, आणि टॅटी स्कोन, म्हणजे उकडलेला बटाटा व पीठ मळून तव्यावर भाजलेली चपटी पोळी, हे दोन्ही हमखास असतात. पहिल्याला नाक मुरडणारे पाहुणेही दुसरी मागून घेतात.

हे आतिथ्य पाण्यातून आणि रस्त्यातून उपजले. 1633 मध्ये रेचल व्हाइटफर्ड या स्त्रीला गावाबाहेर गंधकयुक्त पाण्याचा झरा सापडला, आणि त्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात या समजुतीवर मॉफॅट आरोग्यस्थान म्हणून नावारूपाला आले. 1878 मध्ये जलोपचारासाठी उभारलेले भव्य हॉटेल 1921 मध्ये आगीत भस्मसात झाले, आणि त्यानंतर ती लाट ओसरली. जुन्या 'ब्लॅक बुल' सराईचा मूळ काळ 1568 असा सांगितला जातो. अबकारी खात्यात नोकरी करणारा कवी रॉबर्ट बर्न्स याने तिच्या खिडकीच्या काचेवर चार ओळी कोरल्याची आख्यायिका आहे. खरेखोटे काहीही असो, गिऱ्हाईक मात्र तिने आणले.

रस्त्याची गोष्ट अधिक कठोर आहे. एडिंबराकडे जाणारी टपालाची घोडागाडी येथून डेव्हिल्स बीफ टब या खोल घळीच्या कडेने चढत असे. सीमेवरील दरोडेखोर चोरलेली गुरे त्या घळीत लपवीत, म्हणून तिला ते नाव पडले. 1 फेब्रुवारी 1831 रोजी ही गाडी बर्फात रुतली, तेव्हा गाडीवान जॉन गुडफेलो आणि टपालरक्षक जेम्स मॅकजॉर्ज हे टपालाच्या थैल्या घेऊन पुढे निघाले. नंतर त्या थैल्या रस्त्याकडेच्या खांबाला नीट बांधलेल्या आढळल्या. दोघे मात्र हिमवादळात मरण पावले. नोकरीचे इमान माणसाकडून किती मागते, हे ठरवणारे अधिकारी त्या रात्री शेकोटीपाशी असणार, असे म्हणणे अनुदार ठरेल, पण मनात आल्यावाचून राहत नाही.

रेल्वेने या गावाला तुलनेने थोडेच दिले. मुख्य मार्ग 1847 मध्ये जवळच्या बीटॉकपर्यंत आला, मॉफॅटचा फाटा 1883 मध्ये सुरू झाला, आणि 1954 मध्ये त्यावरील प्रवासी वाहतूक थांबली; पुढे 1972 मध्ये बीटॉकचे स्थानकही बंद झाल्याने आजचा पाहुणा पुन्हा रस्त्यानेच येतो.

असे रस्ते ज्याच्या पद्धतीने जगभर बांधले गेले तो जॉन लाउडन मॅकॅडम 1836 मध्ये मॉफॅटमध्येच वारला. फोडलेल्या दगडांचे थर दाबून पृष्ठभाग कठीण करण्याची त्याची रीत महाराष्ट्रातील बांधकाम खात्याच्या कागदोपत्री अजूनही 'वॉटर बाउंड मॅकॅडम' या नावाने वावरते, आणि गावोगाव तिला खडीकरण म्हणतात. हॉटेलातून निघालेल्या पाहुण्याने गाडीत बसण्यापूर्वी हाय स्ट्रीटजवळच्या जुन्या दफनभूमीत डोकवावे: तेथे मॅकॅडमची कबर आहे, आणि त्याच आवारात गुडफेलो व मॅकजॉर्ज यांनाही पुरलेले आहे.