जागा कुणी मोकळी केली?

पुणे, डिसेंबर

प्रिय सई,


तुझ्या प्रवेशपत्रावरचा ‘राउमप्लानुंग’ हा शब्द वाचल्यापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं. डॉर्टमुंडच्या विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपण इथे त्याला ‘नगररचना’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यातला ‘राउम’ मी आयुष्यभर जर्मनच्या वर्गात शिकवत आले. आता तुझा व्यवसायच त्या शब्दावर उभा राहणार आहे, तेव्हा तो तुला मुळापासून माहीत असावा, असं मला फार वाटतं.

पहिल्या पुस्तकात आम्ही राउम म्हणजे ‘खोली’ असं शिकवतो. मग एकेक अर्थ येऊ लागतो. वेल्टराउम म्हणजे अंतराळ, त्साइटराउम म्हणजे कालावधी, श्पीलराउम म्हणजे एखाद्या निर्णयात आपल्याला उरलेली मोकळीक. रेडिओवर वाहतुकीच्या बातम्यांत ‘राउम डॉर्टमुंड’ म्हणतात, तेव्हा त्यात शहर आणि आसपासचा सगळा पट्टा येतो. खोलीपासून अंतराळापर्यंत एकच शब्द कसा पुरतो, हे मुलं दरवर्षी विचारत. मराठी माणसाला ते फार अवघड जाऊ नये, कारण ‘अजून अवकाश आहे’ आणि ‘अवकाशयान’ हे दोन्ही आपण सहज बोलतो. पण राउमचं खरं उत्तर नामात नाही, क्रियापदात आहे.

ते क्रियापद म्हणजे ‘रॉयमन’. हलवणं, उपसणं, रिकामं करणं. ग्रिम बंधूंनी सुरू केलेला जर्मन कोश तू पाहिला असशील. याकोब ग्रिम १८६३ साली वारला, तेव्हा त्याचं काम ‘फ्रुख्ट’ म्हणजे ‘फळ’ या शब्दापर्यंत आलं होतं. पुढचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि १९६१ साली पुरं झालं. ‘आर’ या अक्षराचा खंड मोरित्स हायने याने १८९३ साली हातावेगळा केला. रॉयमनचा एक जुना अर्थ तिथे असा दिला आहे की, वस्ती करण्यासाठी किंवा जमीन लागवडीखाली आणण्यासाठी रानात जागा मोकळी करणं. म्हणजे राउम आधीपासून पडून असलेली पोकळी नव्हे. कुणीतरी झाडं तोडली, खुंट उपटले, दगड बाजूला केले, तेव्हा तो झाला.

या शब्दाचे नातेवाईक दूरवर पसरले आहेत. इंग्रजीतला ‘रूम’ त्याचा सख्खा भाऊ, आणि तो तर मराठीतच राहायला आला आहे. लॅटिनमध्ये शिवाराला, गावाबाहेरच्या मोकळ्या मुलखाला ‘रूस’ म्हणत, ते याच कुळातलं. अवेस्तेत मोकळ्या जागेसाठी ‘रवह्’ असा शब्द आहे, त्याचं नातंही इथेच जोडतात. पण मला सर्वांत भिडते ती गॉथिक बायबलमधली जागा. चौथ्या शतकातल्या वुल्फिला या बिशपाने केलेलं ते भाषांतर जर्मेनिक भाषांमधलं सर्वांत जुनं मोठं लिखाण. लूकच्या शुभवर्तमानात मारिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळत नाही, तिथे त्याने याच घराण्यातला शब्द वापरला. लुथरनेही सोळाव्या शतकात आपल्या जर्मन बायबलमध्ये त्या वाक्यात ‘राउम’च घातला. या महिन्यात तुमच्याकडे चर्चमध्ये ती कथा वाचतील, तेव्हा मागच्या बाकावर बसून ऐक. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या गोष्टीत हा शब्द येतो तो नकार घेऊनच, की अवघडलेल्या बाईला जागा नाही. खोली शोधताना दोन महिने तूही ‘वोनराउम’ची, म्हणजे राहत्या जागेची, टंचाई सोसलीस. ही तक्रार किती जुनी आहे ते बघ.

रोजच्या व्यवहारात रॉयमन तुला पावलोपावली भेटेल. ‘आउफरॉयमन’ म्हणजे आवराआवर. बर्फ पडला की घरासमोरची पायवाट साफ करणं हे कायद्याने घरमालकाचं काम असतं, आणि तो पुष्कळदा ते भाडेकरूवर टाकतो. तुझ्या करारात ‘रॉयमफ्लिख्ट’, म्हणजे ही सफाईची जबाबदारी, असा शब्द आहे का ते नीट वाच. ‘रॉयमुंग’ मात्र जपून ऐकायचा शब्द. घर रिकामं करून घेणं, भाडेकरूला बाहेर काढणं, त्याचा दावा, त्याची नोटीस, सगळं त्यातच येतं. आणि ‘आइनरॉयमन’ मला या सगळ्यांत प्रिय. कपाटात सामान लावणं हा त्याचा साधा अर्थ. पण एखाद्याला हक्क देणं, वादात समोरच्याचं म्हणणं मान्य करणं, यालाही तोच शब्द. आपल्या बोलण्यात दुसऱ्याच्या म्हणण्याला जागा करून द्यायची, हे या भाषेने किती सुंदर टिपलं आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. फ्रीडरिश रात्सेल हा लाइपझिगचा भूगोलतज्ज्ञ, मूळचा प्राणिशास्त्राचा अभ्यासक. त्याने १९०१ साली ‘लेबेन्सराउम’ या नावाचा निबंध लिहिला. सजीवांना जगायला किती आणि कशी जागा लागते, असा त्याचा जीवभूगोलाचा विषय होता. १९२६ साली हान्स ग्रिमची कादंबरी आली, तिच्या नावाचा अर्थच ‘जागा नसलेलं राष्ट्र’. कोशवाल्या बंधूंशी या ग्रिमचा संबंध नाही, फक्त आडनाव एक. कादंबरी घरोघरी वाचली गेली. आपल्याला जागा पुरत नाही, हे लोकांच्या मनात भरलं, आणि हिटलरने ती जागा पूर्वेला दाखवली. रॉयमनचा जुना अर्थ तिथे भयंकर रीतीने परतला. या वेळी रान तोडायचं नव्हतं, माणसं काढायची होती. ज्यूंच्या वस्त्या रिकाम्या करून त्यांना मृत्युछावण्यांकडे पाठवलं, त्यालाही कागदोपत्री ‘रॉयमुंग’ म्हटलं गेलं.

आणि सई, हे काम फक्त सैनिकांनी केलं नाही. तुझ्या विषयातली शिकलेली माणसं त्यात होती. कोनराड मायर हा शेतीशास्त्राचा प्राध्यापक ‘राउम’च्या संशोधनाची सरकारी संघटना चालवत होता. पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून कोट्यवधी लोकांना हुसकावून तिथे जर्मन वस्ती करण्याचा ‘गेनेरालप्लान ओस्ट’ त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. वाल्टर क्रिस्टालर त्याच्या कार्यालयात होता. हे नाव तुला परिचयाचं आहे. त्याचा १९३३चा मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत, ते षट्कोन, तू इथे परीक्षेसाठी काढून गेलीस. तेच तत्त्व त्याने व्यापलेल्या पोलंडच्या नकाशावर लावून पाहिलं. मायरवर न्यूरेंबर्गला खटला झाला. १९४८ साली मुख्य आरोपांतून तो सुटला, फक्त एसएस या नाझी संघटनेच्या सदस्यत्वाबद्दल दोषी ठरला. १९५६ साली तो हानोव्हरला पुन्हा प्राध्यापक झाला, आणि विषय होता प्रादेशिक नियोजन. हे मी पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी वर्गात राउम हा शब्द फळ्यावर लिहिताना हात जड झाला होता.

१९५१ साली डार्मश्टाटला वास्तुरचनाकार आणि विचारवंत जमले, विषय होता ‘माणूस आणि राउम’. शहर १९४४च्या बाँबहल्ल्यात जळालेलं, देशात घरांची भीषण टंचाई. तिथे तत्त्वज्ञ हायडेगरने हाच जुना अर्थ पुढे केला, की वस्तीसाठी मोकळी केलेली जागा म्हणजे राउम. सीमा ही वस्तू संपण्याची जागा नसून तिथून ती वस्तू आकाराला येऊ लागते, असंही तो म्हणाला. विचार मोलाचा आहे, तो जरूर वाच. पण तो माणूस १९३३ पासून नाझी पक्षाचा सभासद होता, हेही लक्षात ठेवून वाच. मोकळी केलेली जागा तो सांगतो. ती करताना कुणाला काढलं, त्याबद्दल त्या भाषणात काही नाही. मला हा त्या भाषणातला मोठा उणेपणा वाटतो.

ज्या जमिनीवर तू राहतेस, तिथे हे सगळं अजून पुरलेलं आहे. २०२०च्या जानेवारीत डॉर्टमुंडच्या मध्यभागी रुग्णालयांच्या परिसरात महायुद्धातले न फुटलेले बाँब असल्याचा संशय आला. सुमारे १४,००० लोकांना घरं सोडून जावं लागलं, रुग्णांना हलवावं लागलं, आणि मग बाँब निकामी करण्यात आले. जर्मनीतल्या काही राज्यांत अशा कामाच्या सरकारी पथकाच्या नावात ‘रॉयमडीन्स्ट’ असतं. तुमच्या रूर खोऱ्यात बांधकामाआधी हल्ल्यांच्या वेळची हवाई छायाचित्रं तपासतात. तुलाही ती वाचायला शिकावं लागेल.

तुमच्या ग्रंथालयात ग्रिम कोशाचे छापील खंड असतील. आठवा खंड काढ आणि ‘राउम’ व ‘रॉयमन’ या दोन्ही नोंदींचे फोटो मला पाठव. पडद्यावर वाचून माझं समाधान होत नाही. मायर आणि क्रिस्टालर यांच्याबद्दल तुमच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवतं का, तेही विचारून घे. शिकवत असतील तर टिपणं काढ, नसतील तर का नाही ते विचार, आणि काय उत्तर मिळतं ते मला लिही.

तुझी,
मावशी