ओल

आमच्या मुखेड भागात भिंतीच्या दुखण्याला एकच एक नाव नाही. मिठासारखी पांढरी पूड फुटली तर तो लोणा. रंग फुगून सुटला तर पोपडा. काळे-हिरवे ठिपके पडून कुबट वास सुटला तर बुरशी; म्हातारी माणसं तिला बुरा म्हणायची. लोणा की बुरा, हे माय बोटानं ठरवायची. ओलं बोट फिरवलं की लोणा विरघळतो. बुरा विरघळत नाही, काळा फराटा उमटतो. "लोणा भित खातो अन् बुरा मानसाची छाती," असं ती म्हणायची.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद. दसरा काढायच्या दिवसांत माय माती भिजवायची, त्यात शेण-भुसकट कालवायची आणि सगळं घर हातानं लिंपायची. त्या भिंतींना ओल येत नव्हती असं नाही. पण मातीची भिंत पाणी पिते तशी ते सोडतेही. पावसाळ्यात आलेली ओल दिवाळीपर्यंत उन्हावाऱ्यानं निघून जायची.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद यांखाली झोपेतच माणसं दबली. त्या धसक्यानं आमच्याकडंही माळवदं उतरली, पत्रे चढले. पुढं विटा-सिमेंट आलं. तसं करणं भागच होतं. पण भिंत वाळवायची असते, ही गोष्ट मातीबरोबर घरातून गेली.

ती आठवली 2025 च्या ऑगस्टात. 17 तारखेच्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं, माणसं अडकली, बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. हसनाळात माणसं गेली. त्याच बाजूच्या एका गावात माझी थोरली अक्का राहते. तिच्याकडची माणसं वाचली, म्हैस वाचली. घरात मात्र कमरेएवढं पाणी होतं.

आठवड्यानं मी गेलो तर चिखल काढून झाला होता. मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि नाकात कुबट वास भरला. भिंतीला खालून चार फूट ऑइल पेंटचा पट्टा होता. तो फुगला होता. त्याच्या वर काळ्या ठिपक्यांची रांग उठली होती. अक्काला घाई होती ती रंगाची. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, दिवाळीच्या सुमारास. "लेकीला कुठं निजवू रं बापू? सासरची मानसं काय म्हनतील?"

मी ओलं बोट फिरवलं. काळा फराटा उमटला. अक्कानं तो बघितला आणि तिला मायचं वाक्य सांगावं लागलं नाही. बाळंतीण आणि तान्हं लेकरू त्या वासात ठेवायचं नाही, एवढं तिथंच ठरलं.

मग काम सुरू झालं. बुरशी कोरडी झाडायची नाही. तिची भुकटी उडते आणि नाकातोंडात जाते. तोंडाला उपरणं बांधून, दारं-खिडक्या उघडून, भिंत आधी साबणाच्या पाण्यानं भिजवली, मग काथ्यानं घासली. गावात ब्लिचिंग पावडर मिळाली होती. शेजारचा पोरगा त्यात संडासाचं ॲसिड मिसळायला निघाला, त्याचा हात धरला. त्यातून विषारी वायू निघतो. पण ब्लिचिंगनं डाग गेला तरी भिंतीच्या पोटातलं पाणी जात नाही. म्हणून गवंड्याकडून पट्टा आणि गिलावा, पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत, छन्नीनं उतरवला. भिजलेल्या गाद्या टाकल्या. कणगीतली ज्वारी काळी पडली होती. ती म्हशीलासुद्धा घातली नाही, पुरली. ते पुरताना अक्का रडली. पाणी आलं त्या रात्री ती रडली नव्हती.

उघड्या विटांचं ते घर अक्काला बघवेना. सप्टेंबरात पुन्हा पाऊस लागला, वाळणं लांबलं. मी विटांवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले की समजायचं, भिंत अजून ओली आहे. दसऱ्याला थेंब होते. दिवाळीतही होते.

भाचीचं बाळंतपण मुखेडला माझ्या घरी झालं. मामाच्या घरी बाळंतपण म्हणजे आईबापाला उणेपणा, असं अक्काला वाटत होतं. ती पंधरा दिवस माझ्याकडं राहिली, बाळंतिणीचं सगळं केलं, पण माझ्याशी मोजकंच बोलली. मीही समजूत घालत बसलो नाही. मुलगी झाली.

डिसेंबरात एका सकाळी कागद कोरडा निघाला. चुना-वाळूचा पातळ गिलावा केला. कळीचा चुना पिंपात विरवला, तो दोन दिवस मुरू दिला आणि तीन हात मारले. चुन्याच्या तिखटपणात बुरशी सहसा धरत नाही, आणि चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. ऑइल पेंटचा पट्टा पुन्हा काढला नाही. पाठ टेकली की कपड्याला पांढरं लागतं, अशी अक्काची तक्रार अजून आहे.

संक्रांतीनंतर भाची लेकराला घेऊन माहेरी आली. पाळणा बांधायच्या आधी अक्कानं लेकराला माझ्याकडं दिलं, पदर खोचून कोपऱ्यात वाकली आणि चारी भिंती, खालपासून, हुंगून घेतल्या.