भावजींचा टर्बो

मैत्रिणींनो, या पानांवर आपण कैरीच्या लोणच्यापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत सगळं बोलतो. मग मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलायला काय हरकत आहे? 'तो पुरुषांचा विषय' असं म्हणून आपण बाजूला होतो खऱ्या, पण पैसे कमी पडले की तोच विषय पदराशी येऊन बसतो. आमच्याकडे तसंच झालं. माझ्या पोस्टातल्या आरडीवर एका टर्बोचा डोळा होता!

आम्ही साताऱ्यात राहतो. मी एका हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर इतिहास आणि मराठी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना पैशांचं वेगळं सांगायला नको. कधी तीन महिन्यांचं एकदम येतं, कधी दिवाळी कोरडी जाते. त्यातून दरमहा बाजूला टाकत लेकीच्या नावानं मी साठेक हजार जमवलेत. घरात एकच गाडी. मामंजींनी २०१४ साली निवृत्तीच्या फंडातून घेतलेली छोटी पेट्रोल गाडी. आणि धाकटे दीर, विनूभावजी, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एमआयडीसीत नोकरीला. हाताला कला आहे हो त्यांच्या! आमचा मिक्सर, शिलाई मशीन, शेजारच्यांचा पंप, सगळं त्यांच्याच हातून पुन्हा जिवंत होतं.

तर एके दिवशी मी भाजी निवडत असताना भावजी शेजारी येऊन बसले आणि न सांगता गवारीच्या शेंगा मोडायला लागले. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मागणी आहे.

"वहिनी, आपल्या गाडीला टर्बो बसवतोय. पंचेचाळीस हजारांत होतंय. पिकअप बघाल तुम्ही! पगारातून दरमहा फेडीन."

"नाही" म्हणणं सोपं होतं. पण नुसतं "नाही" म्हटलं की माणूस पैसे दुसरीकडून आणतो. म्हणून म्हटलं, आधी मला समजू दे, मग बघू. बी. ए. झालेय, इंजिनाशी आपला संबंध गाडीत बसण्यापुरता. तरी दोन आठवडे मी वाचलं, विचारलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत छळलं. आता तुम्हालाही थोडं सांगते, कारण कळलं की गंमत वाटते.

आपल्या साध्या पेट्रोल गाडीचं इंजिन स्वतःच श्वास ओढून घेतं. पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आत येईल तेवढी. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते, म्हणजे ताकद वाढवायची तर आधी हवा वाढवायला हवी. आईच्या गावी चूल मंदावली की आपण फुंकणी घेत होतो ना? टर्बो ही इंजिनाची फुंकणी. फक्त ती फुंकायला माणूस लागत नाही. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका छोट्या चाकावर आदळतो, ते चाक फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. चुलीच्या धुरानंच फुंकणी फिरवायची! आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आपला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो तर स्वयंपाकघर दणाणतं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तेही इंजिन ऑइलच्या पातळशा थरावर तरंगत. खरं सांगते, हे वाचल्यावर मला भावजींचं वेड जरा समजलं.

पण मग माझ्यातली गृहिणी जागी झाली. फुंकणी जोरात मारली तर चुलीचं काय होतं?

सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड तापतं, आठवतं? हवा दाबली की तापतेच. साध्या पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच साधारण दहा-अकरा पट दाबलं जातं. त्यात टर्बोनं वरून दाबलेली, तापलेली हवा आली, की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. डब्यात नाणी खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि प्रत्येक खुळखुळ पिस्टनवर घाव घालते. म्हणून टर्बोसाठीच बनवलेल्या इंजिनात बरेचदा मुळातला दाब थोडा कमी ठेवतात, पिस्टन दणकट घालतात, हवा गार करायला इंटरकूलर लावतात, पेट्रोल जास्त सोडणारे इंजेक्टर देतात आणि कुकरच्या शिट्टीसारखी जादा दाब सोडून देणारी झडप ठेवतात. ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारा कॉम्प्युटरसुद्धा त्या हिशेबानं शिकवलेला असतो.

इतिहासाच्या बाईला यात तिचा खाऊही मिळाला. अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल कंपनीनं जेटफायर नावाची गाडी काढली, टर्बो लावून विकलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक. इंजिनातला दाब त्यांनी सव्वादहा पट तसाच ठेवला आणि नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात शिंपडायची सोय केली. त्याची वेगळी टाकी. ती ग्राहकानं आठवणीनं भरायची. आता सांगा, मैत्रिणींनो, घरोघरी कुलरमध्ये पाणी कोण भरतं? लोक विसरले. कंपनीनं टाकी रिकामी झाली तर टर्बोचा जोर कमी होण्याची सोय केली होती, तरी तक्रारी संपेनात. शेवटी अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्यात आला. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे नीट जमलं नाही, ते आमच्या गल्लीतल्या शेडमध्ये पंचेचाळीस हजारांत कसं जमणार, हा माझा साधा प्रश्न.

तो प्रश्न घेऊन मी भावजींबरोबर गॅरेजात गेले. गॅरेजचं नाव सांगत नाही, मालक वागायला चांगला होता, मला खुर्चीही पुसून दिली. मी वहीच घेऊन गेले होते. टर्बो कुठला? भंगारातल्या डिझेल गाडीचा. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापलेला असतो, तो सोसेल का? "सोसतो ताई." इंटरकूलर? "नंतर लावू." इंजेक्टर? "आहेत तेच चालतील." क्लचप्लेट? "बघू, घसरली तर बदलू." ऑइलची जायची-यायची नळी, हेड गॅस्केट, कॉम्प्युटरचं ट्यूनिंग... प्रत्येक उत्तरात 'नंतर' होतं. मी तिथंच वहीत बेरीज मांडली. 'नंतर'ची बेरीज टर्बोच्या दुपटीवर गेली, आणि तरी पिस्टन जुनेच. भावजी वहीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

पिस्टनची गोष्टही सांगायला हवी. भावजींच्या एका मित्रानं आमच्या आधी हाच उद्योग केला होता. महिनाभर गाडी वाऱ्यासारखी पळाली म्हणे. मग एका रविवारी कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात, भर चढावर, खुळखुळ झाली, निळा धूर निघाला आणि गाडी दोरी बांधून खाली आणली. त्याचा पिस्टन मी हातात घेऊन पाहिला. रिंग बसते तिथली कडा बिस्किटासारखी तुटलेली. गाडीत त्याची आई होती. तिला काही झालं नाही, पण ती त्यानंतर त्या गाडीत बसलेली नाही.

एवढं होऊनही भावजींचं मन वळलं नव्हतं बरं का. "त्यानं बूस्ट जास्त ठेवला वहिनी, मी कमी ठेवीन." आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. दाब कमी ठेवून, नीट खर्च करून, जाणकाराकडून काम करून घेतलं तर इंजिन टिकतंही. मला आक्षेप टर्बोवर नव्हताच, 'स्वस्तात' या शब्दावर होता.

आमच्या ह्यांनी "तुम्ही दीर-भावजय बघा काय ते" म्हणून हात झटकले. सासूबाईंना वाटत होतं टर्बो म्हणजे काहीतरी हॉर्न आहे. शेवटी मी कायद्याचं पान काढलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदावर उत्पादकाचा जो तपशील आहे, त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही ठरला, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये, किंवा दोन्ही. शिवाय न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हे सगळं भावजींनी "कोण बघतंय वहिनी" म्हणून उडवलं असतं. पण मी कलमातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. शिक्षा मालकाला आहे. आरसी बुकावर नाव कुणाचं?

भावजी उठून गेले. मामंजी ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

त्यानंतर आठवडाभर भावजी माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मला वाईट वाटलं, पण मीही समजूत काढायला गेले नाही. पंचविशीच्या माणसाचा हट्ट मोडला की त्याला थोडा वेळ द्यावा, खिचडी गरम ठेवावी, बस्स. नवव्या दिवशी त्यांनी गाडीचे ब्रेक पॅड, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग स्वतः बदलले. पुढचे दोन टायर मी माझ्या पैशांनी घेतले, उसने नाही, आपल्याच गाडीला म्हणून.

तुमच्याकडेही मुलगा, दीर किंवा खुद्द यजमानच अशी फर्माईश घेऊन आले, तर कपाळाला हात लावू नका. गॅरेजात बरोबर जा, वही न्या, आणि 'नंतर' लागणारी प्रत्येक वस्तू आजच्या भावानं लिहून घ्या. इंजिनातला दाब मुळात किती पट आहे ते विचारा. विम्याच्या कंपनीला लेखी कळवणार का, तेही विचारा. आणि कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी एवढं करावं. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. मिनिटभर तसंच चालू द्यावं, नाहीतर तापलेल्या दांड्यावर ऑइल कढईतल्या तेलासारखं करपतं. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घालावं, वेळेवर बदलावं.

मित्राच्या गाडीतून काढलेला तो टर्बो भावजींनी घरी आणलाय. रविवारी वर्तमानपत्र पसरून तो उघडून बसतात, आणि माझी लेक त्याचं चाक बोटानं गरगर फिरवते. परवा मला म्हणाले, "वहिनी, कंपनीच्याच टर्बोची एक जुनी गाडी कोल्हापुरात विकायला आहे, एकानंच वापरलेली." मी म्हटलं, सर्व्हिसची पावती-पुस्तकं आणा, दिवाळीनंतर बसू.