ट्रंकेतले कागद

सोसायटीची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आवराआवर सुरू झाली. १९८१ पासूनचा संसार. भाड्याच्या घरात सामान मावायचं तर निम्मं काढून टाकायलाच हवं होतं. माळ्यावरची पितळी भांडी उतरली, जुन्या गाद्या गेल्या, मुलाच्या कॉलेजची पुस्तकं गेली. सारं काही शांतपणे चाललं होतं. पण दिवाणाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली गेली आणि तिथे मात्र सासू-सुनेचं बिनसलं.

ट्रंकेत सोनंनाणं नव्हतं. होते ते भेटवस्तूंवरचे कागद. गुलाबाच्या फुलांचे, फुग्यांचे, सोनेरी स्वस्तिकांचे. शिवाय रिबिनींची भेंडोळी, मिठाईचे रिकामे खोके, लग्नपत्रिकांचे कोरे लिफाफे आणि चॉकलेटच्या डब्यावरचा एक लाल साटीनचा बो.

"आई, हे सगळं टाकूया. आता तयार पिशव्या मिळतात, त्यात वस्तू घातली की झालं काम," सून म्हणाली.

"तुझ्या त्या पिशव्या चाळीस-पन्नास रुपयांना येतात गं, आणि पुढे कुठे जातात?" काकूंनी विचारलं.

"कपाटात. तुमच्या ट्रंकेशेजारी," मुलगा मध्येच बोलला आणि दोघींच्या नजरेला नजर न देता चहा करायला आत गेला.

काकूंना राग आला तो टाकूया म्हटल्याचा नव्हे. त्या ट्रंकेत काका होते. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, कागदाची किंमत जाणणारा. घरात मुंज होवो की वाढदिवस, पाहुणे गेले की काका भेटवस्तू घेऊन सतरंजीवर बसायचे. मुलांना पुडके फाडायची घाई. काका मात्र दाढीच्या जुन्या पात्याने चिकटपट्टी अलगद सोडवायचे. कागद उलटा करून, वर सुती कपडा टाकून, कोमट इस्त्री फिरवायचे. सुरकुत्या जायच्या. चमकीच्या कागदाला मात्र इस्त्री चालत नाही, तो आक्रसतो, हे त्यांनी एकदा हात पोळून घेऊन शिकून घेतलं होतं.

त्या काळी पगार बेताचा आणि आहेर दारात उभे. मिळालेली वस्तू पुढे देणं घरोघरी चालायचं. लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, ब्लाऊजपीस, या गोष्टी गावभर फिरून कधीकधी मूळ घरीही परतायच्या. त्यातूनच तो प्रकार घडला.

१९८८ साली मुलाच्या मुंजीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लेमन सेट दिला होता. तीन वर्षांनी वहिनींची मुलगी दहावी पास झाली. काकूंनी घाईघाईत कपाटातला एक खोका काढला, गुलाबाच्या कागदात बांधला आणि देऊन आल्या. वहिनींनी उघडला. आत त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली, "चिरंजीवाच्या मुंजीनिमित्त सप्रेम भेट."

वहिनी काही बोलल्या नाहीत. तेच वाईट झालं. जिन्यात भेटल्या तर मान खाली. हळदीकुंकवाचं बोलावणं मुलाबरोबर यायचं, स्वतः यायच्या नाहीत. वाटीभर साखरेची देवाणघेवाण थांबली. पाचसहा महिने असे गेले. नंतर बोलणं सुरू झालं, पण त्या लेमन सेटचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

काकांनी त्या दिवसापासून नियम केला. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर, कुणी दिली, कधी आणि कशासाठी, अशी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावायची. तीच नोंद आहेराच्या वहीत करायची. वस्तू पुढे द्यायची तर खोका आतून-बाहेरून तपासायचा आणि मगच कागद चढवायचा. ती वहीसुद्धा ट्रंकेतच होती.

अखेर रविवारी सकाळी तडजोड झाली. सगळं टाकायचं नाही, सगळं ठेवायचंही नाही. सतरंजीवर ट्रंक उपडी केली गेली. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, जपलेलं सारंच जपलं गेलेलं नव्हतं. डोंबिवलीचा पावसाळा आणि पत्र्याची ट्रंक. तळाच्या कागदांना बुरशीचे डाग पडले होते, कडांना कसर लागली होती. चिकटपट्ट्या पिवळ्या पडून त्यांचा डिंक वितळला होता, त्यामुळे चार कागद एकमेकांना चिकटून बसले होते. काकूंनी ते स्वतःच बाजूला काढले.

नातू शाळेतून शिकून आला होता. कागद मुठीत चुरगाळायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो रद्दीत चालतो, आपोआप उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे. चमकी लावलेला कागद तर मुळीच रद्दीत घालायचा नाही. मिठाईच्या डब्यांवरचं पारदर्शक प्लास्टिकही काकूंनी घडी घालून ठेवलं होतं. अशा वेष्टनांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे नातवाने आजीला ऐकवलं. "तेव्हा नव्हती रे बाबा," काकू म्हणाल्या, पण ढीग पुढे सरकवला.

नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी अमेरिकेत भेटवस्तू पातळ टिश्यू कागदात बांधत. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानात तो कागद संपला, म्हणून त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचा नक्षीदार कागद विकायला ठेवला. तो हातोहात खपला आणि छापील कागदाची चाल पडली. "म्हणजे तिथेही लिफाफ्याच्या कागदावरच भागवलं की!" काकूंना ते फार आवडलं.

उरलेल्या मालाची मग रीतसर मांडणी झाली. पुण्याला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचे दोन जाड कागद काकांनी आणून ठेवले होते, तसाच एक भाच्याने जयपूरजवळच्या सांगानेरहून आणलेला. हे घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवले. गुंडाळीचे कागद जुन्या उंच डब्यात उभे केले आणि ते सुटू नयेत म्हणून सुनेने जुन्या पायमोज्यांचे वरचे पट्टे कापून प्रत्येकाला चढवले. रबराने कागदाला चर पडतो, या पट्ट्याने पडत नाही. रिबिनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर गुंडाळल्या, टोकाला टाचणी. चिकटपट्टीच्या सुट्या टोकाखाली काडेपेटीची काडी दाबली, म्हणजे टोक शोधत बसायला नको. कात्री डब्याच्या कडीला नाडीने बांधली, कारण ऐन वेळी हरवते ती कात्रीच. एक रुपया चिकटवलेले लिफाफे वेगळ्या पाकिटात गेले. कसरीसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत ठेवला. डांबरगोळी नको म्हणाल्या काकू, तिचा वास मिठाईच्या खोक्याला लागतो.

कागद कापायचं काकांचं गणित वहीच्या शेवटच्या पानावर सापडलं. खोक्याभोवती दोरा फिरवायचा आणि त्याहून एक इंच जास्त धरायचं. दुसऱ्या बाजूने खोक्याची लांबी अधिक उंचीच्या दीडपट. दहा इंच लांब, आठ इंच रुंद आणि तीन इंच उंच खोक्याला तेवीस इंच बाय साडेचौदा इंच कागद पुरतो. सुनेने एक खोका घेऊन करून पाहिलं. कोपरे अगदी बसले.

"मी आजवर केवढा कागद वाया घालवला!" ती म्हणाली.

वहीची पानं उलटताना मधून एक पातळ पाकीट पडलं. त्यावर काकांचं अक्षर, "सूनबाई. २००९." आत फिकट निळ्या कागदाचा चौकोनी तुकडा होता आणि त्यावर शाईच्या पेनने लिहिलेल्या दोन ओळी, लेकीला आणि जावयाला आशीर्वाद. सुनेच्या वडिलांचं अक्षर. लग्नाच्या आहेरावरचा तो कागद तेव्हा तिने स्वतःच हौसेने फाडला होता. काकांनी मागाहून केरातून तेवढाच तुकडा उचलून ठेवला असावा. वडील जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. त्यांचं पत्र म्हणावं असं तिच्याजवळ काहीच नव्हतं. सारं बोलणं फोनवरचं.

ती बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसली. काकू उठल्या आणि न बोलता तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

संध्याकाळी दोन मोठ्या पिशव्या रद्दीत गेल्या, एक कचऱ्यात. ट्रंकही भंगारवाल्याला दिली, गंजलीच होती. उरला तो एक उंच डबा, एक चपटा खोका आणि आहेराची वही. भाड्याच्या घरातल्या दाराआडही मावेल एवढंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी इमारत होईपर्यंत मुलीकडे नाशिकला निघाल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी एक नवी चादर आणली. गुलाबाच्या फुलांचा शेवटचा धड कागद काढला. सून कापायला बसली, काकूंनी घड्या घातल्या, नातवाने काडी काढून चिकटपट्टीचं टोक हातात दिलं. पुडकं घेऊन काकू जिना उतरल्या.

वहिनींनी कागद ओळखला. क्षणभर पुडक्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"आत चिठ्ठी तपासलीस ना?"

इतक्या वर्षांनी विषय निघाला तो असा. दोघी दारातच हसत सुटल्या, डोळ्यांना पदर लावेपर्यंत. मग वहिनी आत गेल्या, स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आल्या आणि चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवू लागल्या. कागद कुठेही फाटला नाही. त्यांनी त्याची चौकोनी घडी घातली आणि नाशिकला न्यायच्या बॅगेत, साड्यांच्या मध्ये, सपाट ठेवून दिली.